दोन कायम, बाकी हंगामी

आमच्या गाडीत फुटबॉल शिरला तो गणिताच्या सरांमुळे. गाडी म्हणजे एक जुनी चारचाकी, पुढे एक आणि मागे तीन बसतील अशी. सकाळी साडेआठला ती गोंदियाहून निघायची, गोरेगाव करत कोहमाऱ्याच्या चौकात यायची आणि तिथून देवरीच्या रस्त्याला लागून एकेकाला आपापल्या गावी उतरवत जायची. संध्याकाळी तशीच उलटी. याला आमच्याकडे अप-डाऊन करणं म्हणतात. मी तेव्हा देवरीच्या अलीकडे एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. नोकरी किती वर्षं झाली असं कोणी विचारलं की अजूनही मला आधी शाळा आठवत नाही, त्या गाडीची उजवीकडची खिडकी आठवते. ती माझी जागा होती.

पुढच्या सीटवर मोठे गुरुजी बसायचे. आमच्यात वयाने आणि नोकरीने तेच मोठे, आणि आपल्या ज्येष्ठतेचा त्यांना अभिमान होता. मागे माझ्या बाजूला गणिताचे सर आणि पलीकडे एक कृषी सहायक. गाडी चालवायचा तो गाडीचा मालकच. त्याचा एक नियम होता: चार म्हणजे चारच. कोहमाऱ्याजवळ एकदा गच्च भरलेली काळी-पिवळी जीप उलटलेली त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, तेव्हापासून पाचवं माणूस गाडीत घेत नसे. ओळखीचं कोणी हात दाखवून उभं राहिलं तरी थांबत नसे. "माझी गाडी आहे, बोरा नाही, कोंबत राहाले," म्हणायचा.

साधारण दोन हजार पाच-सहाचा काळ असेल. गणिताच्या सरांच्या घरी केबलवर विलायतेतला फुटबॉल दिसायचा. लाइट असली तर. नसली की सोमवारी ते सायबर कॅफेत जाऊन निकाल आणि गोल करणाऱ्यांची नावं छापून आणत. त्यातून त्यांनी खेळ काढला: आपण प्रत्येकाने त्या खऱ्या खेळाडूंमधून अकरा निवडायचे, एकाने घेतला तो दुसऱ्याला नाही, आणि ते अकरा म्हणजे आपला संघ. तुमच्या माणसाने तिकडे गोल केला, किंवा गोलरक्षक-बचावपटू असून गोल होऊ दिला नाही, की इकडे तुम्हाला गुण. वर्षाच्या शेवटी ज्याचे गुण जास्त तो जिंकला. जिंकून काय मिळायचं? कोहमाऱ्याच्या धाब्यावर बाकीच्यांकडून जेवण. गुरुजींनी आधी नाक मुरडलं, पण गाडीत पावणेदोन तास करायचं काय हा प्रश्न त्यांनाही होताच. मालकानेही संघ मागितला. म्हणजे आम्ही पाच झालो.

पहिलं वर्ष संपल्यावर सरांनी नवा नियम आणला. सगळे खेळाडू परत भांड्यात टाकायचे, म्हणजे ते पुन्हा कोणीही उचलावेत, पण प्रत्येकाने आपले दोन गडी स्वतःकडे ठेवायचे. हे दोन कोणते ते नव्या निवडीच्या आधी सांगायचं. आता आम्ही पडलो नोकरदार. गाडीत दुसऱ्याच दिवशी या दोघांना "कायम" म्हणायला लागले आणि उरलेल्या नवांना "हंगामी". ऑगस्टमध्ये धानाची रोवणी आटोपून कृषी सहायक मोकळे झाले की एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कोहमाऱ्याच्या धाब्यावर गाडी थांबायची. चहा यायचा आणि कायम करायचा दिवस सुरू व्हायचा.

त्या दिवसाची मी वर्षभर वाट पाहायची. खेळ मला धड कळत नव्हता, ऑफसाइड म्हणजे काय ते अजूनही मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण कोणाला ठेवावं आणि कोणाला सोडावं, हे ठरवणं मला आवडायचं. माणसं पारखायची चटक असते तशातला प्रकार.

गुरुजींची पारख सेवाज्येष्ठतेवर होती. पहिल्याच वर्षी त्यांनी दोन असे गडी कायम केले की एकाने दिवाळीच्या आत खेळातून निवृत्ती घेतली आणि दुसरा बाकावर बसून राहिला. "इतकी सर्व्हिस झाली माणसाची, त्याले सोडाचं कसं?" ते म्हणाले. मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही त्याला सोडला असता तरी भांड्यातून त्याला उचलणार कोण होतं? तो फिरून तुमच्याकडेच आला असता. मग कायमची जागा त्याच्यावर कायले घालवता?" हा हिशेब तोवर कोणाच्या डोक्यात आलाच नव्हता. जो सोडला तर दुसरा झडप घालेल तोच ठेवण्यालायक, हे त्या दिवसापासून आमच्याकडे पक्कं झालं.

कृषी सहायकांची भक्ती नावावर होती. पेपरात ज्याचा फोटो मोठा, तो त्यांचा. एका वर्षी त्यांच्या लाडक्याने अख्ख्या हंगामात दोन-तीनच गोल केले, तेव्हा मी त्यांना नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा म्हणून इतकं छळलं की ते दोन दिवस खिडकीबाहेर बघत बसले. मालक आफ्रिकेकडच्या खेळाडूंवर जीव टाकायचा, आणि ते होतेही तसे. पण त्यातले काही एखाद्या वर्षी ऐन जानेवारीत आपल्या देशाकडून खेळायला महिनाभर निघून जात. सर म्हणत, ही त्यांची इलेक्शन ड्युटी. आम्हाला लगेच समजलं.

माझा नियम सोपा होता. मी गेल्या वर्षीचे गोल बघत नव्हते, कारण ते गेल्या वर्षी झाले. मी बघायची की येत्या वर्षी हा गडी मैदानात असेल का. सरांनी एकदा मला खूप समजावलं होतं. माझ्याकडे एक हिऱ्यासारखा पुढचा खेळाडू होता, पण त्याचा गुडघा फुटला होता आणि तो अर्धं वर्ष घरी बसणार होता. सर म्हणाले, असा माणूस सोडू नये, तो परत येईल. मी म्हटलं, "गुणी असून काय करायचं सर? जो मैदानात असेल तो कायम." मी त्याला सोडला, त्याच्या जागी एक ओबडधोबड पण रोज उभा राहणारा बचावपटू ठेवला, आणि त्या वर्षी धाब्यावरचं जेवण मी जेवले. पुढे सगळेच तसं करायला लागले. सर तर माझं वाक्य पाढ्यासारखं म्हणायचे.

मग मला दिवस गेले.

शिमग्याच्या सुमारास मुलगा झाला आणि मी रजेवर होते. शाळा, गाडी, फुटबॉल सगळं एकदम लांब गेलं. पण संघ मात्र सुटला नाही. दर सोमवारी गणिताच्या सरांचा फोन यायचा, मॅडम तुमच्या गोलरक्षकाने एकही गोल खाल्ला नाही, मॅडम तुमचा डाव्या बाजूचा लंगडत बाहेर गेला. मूल मांडीवर घेऊन मी हूं हूं करायची. खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं. घरात मी आई होते, सून होते, ओली बाळंतीण होते. त्या फोनवर मी मॅडम होते.

ऑगस्ट आला. माझी रजा संपत आली होती. त्या वर्षी धाब्याऐवजी एका रविवारी ते चौघं आमच्या घरी आले, बाळही बघायचं आणि कायमही करायचं म्हणून. झबलं-टोपडं आणलं होतं. गुरुजींनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवला. मालकाने खुर्चीवर बसता बसता बाळाचं नाक कोणावर गेलं त्याचा निकाल दिला. चहा झाला आणि कागद निघाला.

माझ्या दोन जागांवर त्यांनी किती वेळ घालवला म्हणून सांगू. एक खेळाडू नव्या क्लबात गेला होता, तिथे त्याला पहिल्या अकरांत घेतील का. दुसऱ्याला पेनल्टी मारायला देतात, म्हणजे त्याचे गोल पक्के. तिसरा वयाने लहान, पण अजून पाचेक वर्षं कामाचा. सर आणि कृषी सहायक हमरीतुमरीवर आले. "मॅडम रजेवर आहेत, त्याहिचं नुकसान व्हाले नाही पाहिजे," असं सर दोनदा म्हणाले. मला भरून आलं. माणसं किती काळजी घेतात, असं वाटलं.

मी म्हटलं, "पुढच्या सोमवारपासून मी गाडीतच आहे, तेव्हा सावकाश ठरवू."

गुरुजींनी कपातला तळाचा चहा पुन्हा एकदा प्यायला.

शेवटी मालक म्हणाला, "मॅडम, त्या सीटवर जूनपासून दुसऱ्या मॅडम बसून राहिल्या. नवीन लागल्या न त्या, तुमच्या पुढच्या गावाले. जूनमध्ये सीट खाली नेनं मले जमत नाही."

"मला विचारलं असतं तर मी जागेचे पैसे भरत राहिले असते," मी म्हटलं.

"तुम्ही रजेवर होत्या," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने त्यात सगळं आलं होतं.

"एखादं माणूस जास्तीचं नाही का बसणार काही दिवस?"

"चार म्हणजे चार, मॅडम."

मी गणिताच्या सरांकडे पाहिलं. दर सोमवारी फोन करणारे सर. जूनपासून हा माणूस मला माझा कोणता गडी कोणत्या क्लबात चालला याची खबर देत होता आणि शेजारी कोण बसलंय ते एकदाही बोलला नव्हता. ते ओशाळं हसले आणि म्हणाले, "आता मॅडम, तुम्हीच तर सांगतलं होतं. जो मैदानात असन तो कायम."

ते वाईट माणूस नव्हते. वातावरण हलकं करायला बोलले असतील. पण मी रागीट आहे, आणि त्या वाक्याने माझं डोकं असं फिरलं की आज इतक्या वर्षांनी लिहितानाही कानशिलं गरम होतात. राग नुसता त्यांचाही नव्हता. वाक्य माझंच होतं, आणि त्याला तोड मला सापडत नव्हती.

तोड माझ्या सासूबाईंनी दिली. त्या आतून ऐकत होत्या. दारात येऊन, पदर सावरून म्हणाल्या, "जागा देल्ली दुसरीले अन् झबलं आणलं लेकराले. झबलं घालून लेकराचं पोट भरते का?"

माझी गोष्ट नेमकी इतकीच होती, आणि ती चार शिकलेल्या पुरुषांना कळली नव्हती. गाडीने गेलं तर मी साडेआठला घर सोडणार आणि साडेसहाच्या आत परत. एस.टी.ने जायचं तर कोहमाऱ्याला गाडी बदलावी लागायची, म्हणजे सातच्या आत निघायचं आणि परत यायला आठ. तोवर बाळ झोपलेलं. मधल्या दीड-दोन तासांत सकाळचं एक आणि संध्याकाळचं एक पाजणं बसत होतं. माझं पोर अजून पाच महिन्यांचं होतं.

"तुम्ही तुमचे दोन गडी सांगा मॅडम, मंग निघतो आम्ही," कृषी सहायक हळूच म्हणाले.

"मी कोणालाच कायम करत नाही," मी म्हटलं. "सगळे टाका भांड्यात."

"अशानं संघ बसन तुमचा," सर खरंच कळवळून म्हणाले.

गुरुजी उठले. "मॅडम म्हणून राहिल्या तर तसंच लिवा," म्हणाले आणि चपला शोधू लागले.

सरांनी तसं लिहिलं नाही. त्यांनी आपल्या मनाने माझ्यासाठी दोन चांगले गडी ठेवले आणि सोमवारी फोन करून सांगितलं. त्यांना वाटलं, त्यांनी माझी बाजू सांभाळली. मी फोन ठेवून दिला.

ते वर्ष मी एस.टी.ने काढलं. कोहमाऱ्याच्या चौकात दुसऱ्या बसची वाट पाहत मी धाब्याच्या बाजूला उभी राहायची, ट्रकांची रांग असायची, आणि कधीकधी आमची गाडी समोरून जायची. माझ्या खिडकीतून ती नवी मॅडम हात हलवायची. सडपातळ मुलगी, नुकतं लग्न झालेली. मी हात वर केला नाही. तिला सगळं माहीत आहे आणि तरी कशी हसते बघा, असं वाटून मी दात खायची. संध्याकाळी बसमध्ये ब्लाऊज ओला व्हायचा. पदर घट्ट लपेटून बसायची आणि शेजारी पुरुष बसला की सरळ उभी राहायची. दिवाळीनंतर मुलाने अंगावर पिणं सोडलं. मी घरी आले की तो झोपेत असायचा, उठवून घेतला तर तोंड फिरवायचा. सासूबाई म्हणाल्या, होते असं, वाटी-चमच्यानं पाजू. माझं दूध मात्र त्याच्यानंतरही काही दिवस येत राहिलं. त्या दिवसांबद्दल मला कोणी विचारलं की मी विषय बदलते.

माझा संघ त्या वर्षी दुसरा आला, असं कळलं.

पुढच्या जुलैत मालकाचा फोन आला. "मॅडम, सीट खाली होऊन राहिली. येता का?"

"काऊन खाली होऊन राहिली?"

"त्या मॅडम सुट्टीवर जाऊन राहिल्या. त्याहिचंही तसंच. डिलिव्हरी."

मी म्हटलं, येते. पण एक अट. ती रजेवरून आली की ही जागा तिची आणि मी उतरणार. मधल्या काळात मी बसते, तुझी सीट रिकामी जात नाही, मग तुला काय अडचण? तो म्हणाला, अडचण काहीच नाही, पण असं कोणी करते का मॅडम. मी म्हटलं, गुरुजींना विचार. गुरुजींनी विचार करायला एक दिवस घेतला आणि सांगितलं की रजा म्हणजे राजीनामा नव्हे, हे सरकारलाही मान्य आहे, तेव्हा गाडीलाही मान्य पाहिजे. हे शहाणपण त्यांना आदल्या वर्षी सुचलं असतं तर फार बरं झालं असतं, तसं मी त्यांना तोंडावर म्हटलंही. त्या दिवसापासून ते गाडीत चढताना माझ्या बाजूचं दार आधी उघडून धरायला लागले.

हे सारं मी मोठ्या मनाने केलं असं कोणी समजू नये. मला ती मुलगी आवडत नव्हती. तिची जागा राखली ती मी तिच्यासाठी नाही, त्या चौघांना दाखवण्यासाठी. मुलगा आता चालायला लागला होता, त्याला माझ्या साडेसहाला येण्याचा पहिल्यासारखा उपयोगही नव्हता. उशीर व्हायचा तो होऊन गेला होता.

ऑगस्टचा शनिवार आला. रोवणी आटोपली होती. धाब्यावर गाडी थांबली, चहा सांगितला. त्या मुलीलाही वर्षभरात एक संघ मिळाला होता, आम्ही आता सहा होतो. सगळ्यांचे कायम झाले आणि तिचे राहिले. ती आमगावकडे माहेरी होती. सरांनी फोन लावला, आवाज नीट येईना, तेव्हा त्यांनी तो माझ्या हातात दिला. "तुम्हीच विचारा मॅडम. दोन नावं घ्या फक्त."

मी फोन घेऊन जरा बाजूला गेले. मागे तिचं बाळ रडत होतं. मी नावं विचारली नाहीत. म्हटलं, "हे बघ, तुझी गाडीतली जागा आहे. मी बसते आहे सध्या, पण तू आलीस की तुझी. कोणी काही वेगळं सांगितलं तर ऐकू नकोस."



"ते जागा," ती म्हणाली, "आधी तुमची होती का मॅडम?"

"तुला माहीत नव्हतं?"

"मले तर सांगतलं होतं का एक मॅडम सोडून गेल्या म्हणून. मी तुमाले चौकात पाहत होती त मले वाटे तुम्ही हौसेनं बसनं जाता. हात करत होती मी." तिने बाळाला खांद्यावर घेतलं असावं, रडणं जवळ आलं. "लेकरू किती महिन्याचं होतं मॅडम तवा?"

"पाच."

ती म्हणाली, "मंग मी आल्यावर तुमचं कसं होईन?"

माझी जागा गेली त्याला वर्ष झालं होतं, आणि गाडीतलं कोणीतरी मला हे पहिल्यांदा विचारत होतं. मी फोन कानाला घट्ट धरून धाब्यापासून आणखी लांब गेले. मागून गणिताचे सर पेन हातात घेऊन विचारत होते, "काय म्हणते मॅडम? कोणाले कायम करून राहिली ते?"